गोव्याचा चित्रपट महोत्सव : कोकणकरांनी तयारीला आत्ताच लागावं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती-गौरी आटोपल्या की चित्रपटवेड्या माणसाचं लक्ष नोव्हेंबरकडे लागतं. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला इफ्फी, २००४ पासून गोव्यात भरतो आणि अलीकडे त्याच्या तारखा २० ते २८ नोव्हेंबर अशा जवळपास ठरून गेल्या आहेत. कोलकात्याहून, केरळातून लोक रात्रंदिवस प्रवास करून पणजी गाठतात. बांद्याचा माणूस पत्रादेवी ओलांडली की गोव्यात असतो. सावंतवाडी-कुडाळहून सकाळी निघून पहिल्या-दुसऱ्या खेळाला हजर होता येतं. तरी आपल्याकडचे कितीतरी रसिक ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहतात, किंवा आयत्या वेळी जाऊन एखादा चित्रपट पदरात पाडून परततात. अंतर आडवं येत नाही, तयारी कमी पडते. ती नेमकी कशी करायची, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात रेल्वेपासून करावी. आरक्षण सध्या प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २० नोव्हेंबरच्या गाडीचं २१ सप्टेंबरला. नेमकी तेव्हा घराघरांत गणपतीची धामधूम असते किंवा नुकती आवरलेली असते, त्यामुळे ही तारीख हमखास हुकते. महोत्सव सुरू होईपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलेलं असतं आणि गाड्या नेहमीच्या वेळेवर आलेल्या असतात. जुलैत पाहून ठेवलेली वेळ नोव्हेंबरला धरू नये. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या सकाळी कुडाळ, सावंतवाडी करत थिवी आणि करमळीला पोचते, आणि संध्याकाळी मडगावहून तीच परतीला मिळते. एका दिवसात दोन, जमलं तर तीन चित्रपट बघून घरी यायचं असेल तर हीच गाडी. रत्नागिरीकरांना मात्र रोज ये-जा परवडणारी नाही. त्यांनी मुक्कामालाच जावं.

पणजीसाठी करमळी सर्वांत जवळचं स्थानक. पण ते जुन्या गोव्याला लागून आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं आणि त्याआधीचे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून सुरू होतात. महोत्सवाचा उत्तरार्ध आणि ही गर्दी एकाच वेळी त्या रस्त्यावर येते. २४ तारखेनंतर जाणाऱ्यांनी थिवीला उतरून म्हापशामार्गे पणजीत शिरणं बरं. मुक्कामही म्हापशात केला तर पणजीपेक्षा स्वस्त पडतो. नोव्हेंबर हा गोव्याचा हंगाम, पणजीतली खोली आयत्या वेळी मिळत नाही आणि मिळाली तर खिशाला झेपत नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. महोत्सवाचं केंद्र पणजीत कांपाल भागात आहे: आयनॉक्सचे चार पडदे, शेजारी माकिनेझ पॅलेस आणि पुढे चालत जाण्याजोग्या अंतरावर कला अकादमी. पण काही पडदे पर्वरीच्या मॉल दे गोवामध्ये असतात, आणि पर्वरी म्हापसा-पणजी रस्त्यावर मांडवीच्या अलीकडे येते. सिंधुदुर्गातून येणाऱ्याला पर्वरी आधी लागते. सकाळचा पहिला चित्रपट पर्वरीचा धरावा, तिथेच उतरावं, तो बघून मग पणजीत जावं. पणजीचे लोक सकाळी पूल ओलांडून पलीकडे यायला नाखूष असतात, त्यामुळे तिथे जागाही मिळते. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून वाहतूक तुंबते, तेवढं जमेस धरावं. अलीकडे मडगावलाही खेळ होतात. ते दक्षिण गोव्यात उतरणाऱ्यांसाठी ठीक, आपल्याला वाकडी वाट.

आता नोंदणी. महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर काही आठवडे आधी प्रतिनिधी नोंदणी उघडते. रसिक, विद्यार्थी, चित्रपट व्यावसायिक असे वेगवेगळे गट असतात आणि शुल्क गटाप्रमाणे बदलतं, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपला गट नीट पाहावा. कॉलेजच्या मुलांनी चालू वर्षाचं ओळखपत्र आणि हातात नसेल तर बोनाफाइड आधीच काढून ठेवावं. अर्ज अडतो तो बहुतेकदा जुन्या ओळखपत्रामुळे किंवा धूसर फोटोमुळे. हे चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट घेऊन दाखवले जातात, त्यामुळे प्रतिनिधी १८ वर्षांवरचा लागतो. लहान मुलांना सोबत नेण्याचा बेत करू नये. महोत्सवाचं ओळखपत्र पणजीत जाऊन घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी सकाळी तिथे लांब रांग असते, म्हणून आदल्या दिवशी कोणी पणजीला जात असेल तर आपलं काम तेव्हाच उरकावं.

ओळखपत्र हातात आलं म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. प्रत्येक खेळाची जागा ऑनलाइन वेगळी राखावी लागते. ज्या वेळी आरक्षण उघडतं त्या मिनिटाला गाजलेले चित्रपट भरतात, तेव्हा फोनवर आधीच लॉग-इन करून बसावं आणि सर्वांत मागणी असलेलं नाव पहिल्यांदा घ्यावं; दुपारच्या अनोळखी चित्रपटाला नंतरही जागा असते. जागा मिळाली नाही तर हिरमुसू नये. ज्यांनी राखली ते सगळे येत नाहीत, आणि खेळ सुरू होण्याआधी रिकाम्या खुर्च्या आरक्षण नसलेल्यांच्या रांगेला दिल्या जातात. त्या रांगेत तासभर आधी उभं राहणाऱ्याला बहुधा आत जायला मिळतं. उलट, आपलं जाणं होणार नसेल तर तिकीट वेळेत रद्द करावं. बाहेर रांगेत उभा असलेला माणूस एका खुर्चीसाठी तळमळत असतो.

खरं कसब आहे ते निवडीत. वेळापत्रक अगदी शेवटच्या काही दिवसांत जाहीर होतं आणि त्यात दीड-दोनशे अनोळखी नावं असतात. ती यादी पहिल्यांदा उघडून वाचणारा माणूस गोंधळतो आणि ओळखीच्या नटाच्या मागे जातो. याला उपाय सोपा आहे, फक्त तो वर्षभर चालवावा लागतो. फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, जुलैत कार्लोव्ही व्हारी, ऑगस्टमध्ये लोकार्नो, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर व्हेनिस, मग टोरांटो. गोव्यात नोव्हेंबरला येणारे बरेचसे परदेशी चित्रपट आधी यांपैकी कुठेतरी दाखवलेले असतात. प्रत्येक महोत्सव संपला की एका वहीत विजेते आणि ज्यांच्याबद्दल चांगलं लिहून आलं असे आठ-दहा चित्रपट दिग्दर्शकाच्या नावासह टिपावेत. दिग्दर्शकाचं नाव महत्त्वाचं, कारण त्याच चित्रपटाचं शीर्षक मूळ भाषेत एक आणि इंग्रजीत दुसरं असतं आणि वेळापत्रकात कुठलं छापतील सांगता येत नाही. ऑक्टोबरअखेर वहीत चाळीसेक नावं जमतात. वेळापत्रक आलं की त्यातली दहा-पंधरा हमखास सापडतात.

त्यातही गाळणी लावावी. ज्याचे भारतातले हक्क विकले गेले आहेत, जो दोन महिन्यांत थिएटरात किंवा ओटीटीवर येणार आहे, तो सोडला तरी चालतो. जॉर्जिया, इराण, चिली, फिलिपिन्स अशा ठिकाणचा चित्रपट, ज्याला इथे वितरक मिळालेला नाही, तो मोठ्या पडद्यावर पुन्हा बघायला मिळण्याची शक्यता फार कमी. तो आधी धरावा. दुसरा मान जुन्या, नव्याने दुरुस्त केलेल्या भारतीय चित्रपटांना द्यावा. ज्यांच्या झिजलेल्या, पट्टे उमटलेल्या प्रतीच आपण दूरदर्शनवर पाहिल्या, त्यांतला काळा-पांढरा रंग प्रत्यक्षात किती खोल होता हे तिथे कळतं. आणि तिसरा मान इंडियन पॅनोरमाला, म्हणजे निवडक भारतीय चित्रपटांच्या विभागाला. १९७८ पासून चालत आलेल्या या विभागात साधारण २५ कथापट आणि २० कथाबाह्य चित्रपट असतात. लोक कथापटांना रांगा लावतात आणि कथाबाह्य विभाग रिकामा राहतो. वास्तविक आसाम, मणिपूर, लडाखमधले तीस-चाळीस मिनिटांचे माहितीपट दुसरीकडे कुठे मिळणार? एका खेळात दोन-तीन बघून होतात, आणि दिग्दर्शक समोर उभा असतो.

दिवसाचा आराखडा करताना तीन चित्रपट हे माप ठेवावं. चौथा तेव्हाच, जेव्हा चारही कांपालच्या परिसरात असतील. वेळापत्रकात सुरू होण्याची वेळ असते. संपण्याची वेळ लांबीवरून आपणच काढायची. १३० मिनिटांचा चित्रपट ११.३० ला असेल तर तो १.४० ला संपतो, पण त्याआधी पाहुण्यांची ओळख आणि नंतर प्रश्नोत्तरं यांत सहज पंचवीस मिनिटं जातात. एकाच संकुलात दोन खेळांमध्ये किमान ४५ मिनिटं आणि पणजी-पर्वरी अशी उडी असेल तर दीड तास मोकळा ठेवावा. हे न केल्याने दुसऱ्या चित्रपटाचं आरक्षण वाया जातं आणि पहिल्याचा शेवट घड्याळाकडे बघण्यात जातो. बऱ्याच चित्रपटांचे दोन खेळ असतात. दिग्दर्शक सहसा पहिल्याला येतो, गर्दीही तिथेच होते. प्रश्नोत्तरांची ओढ नसेल तर दुसरा खेळ निवांत मिळतो.

कधी कधी खेळ ऐन वेळी रद्द होतो किंवा बदलतो आणि रांगेतली माणसं चिडतात. त्यामागचं कारण माहीत असावं. हल्ली चित्रपट डीसीपी नावाच्या डिजिटल संचात येतो आणि तो बहुधा कुलूपबंद असतो. त्याची किल्ली, जिला केडीएम म्हणतात, ठरावीक थिएटरच्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच बनवलेली असते. पडदा बदलला, वेळ पुढे गेली किंवा किल्ली दुसऱ्या सर्व्हरची निघाली, तर चित्रपट समोर असून उघडत नाही. परदेशातून नवी किल्ली येईपर्यंत तासन्‌तास जातात. म्हणून प्रत्येक वेळेला पर्यायी चित्रपट लिहून ठेवावा.

बसण्याबद्दल एवढंच : सबटायटल्स वाचायची असल्याने पहिल्या चार-पाच रांगा टाळाव्यात. मान आणि डोळे दुसऱ्या खेळापर्यंत थकतात. पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध बसावं. आवाजाचा तोलही तिथेच नीट मिळतो. अंगावर घ्यायला काहीतरी जाडसर न्यावं, वातानुकूलन कडक असतं.

आता मागणी. रात्रीचा शेवटचा खेळ सुटायला मध्यरात्र होते आणि त्या वेळी बांद्याच्या दिशेने सार्वजनिक वाहन मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडचा माणूस संध्याकाळी गाडी धरायला निघतो आणि रात्री दाखवले जाणारे उत्तम चित्रपट त्याला कधीच दिसत नाहीत. एसटी आणि गोव्याचं कदंब या दोन्ही महामंडळांनी मिळून या नऊ रात्री पणजी-म्हापसा-बांदा-सावंतवाडी-कुडाळ अशी एकच गाडी साडेबाराला सोडावी. कांपालहून सुटली तर उत्तम. आगाऊ आरक्षण ठेवलं की गाडी रिकामी जाण्याचा धोका राहत नाही. दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी सप्टेंबरमध्येच पत्रव्यवहार केला तर हे होण्यासारखं आहे.

गोवा हुकलं तरी वर्ष संपत नाही. जानेवारीत पुण्याचा ‘पिफ’ असतो. तिथे मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा आहे आणि तिच्या विजेत्याला ‘संत तुकाराम’ पुरस्कार मिळतो. प्रभातच्या ज्या चित्रपटाचं ते नाव आहे, त्याचा व्हेनिसला १९३७ साली गौरव झाला होता. माहितीपट आणि लघुपटांची आवड असेल तर मुंबईचा ‘मिफ’ सम वर्षांत होतो. कोल्हापूरचा महोत्सव घाट चढला की गाठता येतो.

आणि आपल्या किनाऱ्यावर काय? इथल्या पावसात, इथल्या खाडीकाठी चित्रित झालेल्या ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनमध्ये मुलांच्या ज्युरीचं क्रिस्टल बेअर मिळालं. रात्रभर दशावतार बघणारा आणि एकांकिका स्पर्धेला हॉल भरून टाकणारा प्रेक्षक इथे आहे. रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह आहे, चिपळुणात इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र आहे, कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठान आहे. शुक्रवार ते रविवार सहा चित्रपटांचा छोटा महोत्सव यांपैकी कुठेही होऊ शकतो. त्यासाठी जानेवारीअखेरचा काळ बरा : गावोगावच्या जत्रा ओसरलेल्या असतात आणि आंबा उतरवायला अवकाश असतो. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागली की ती बघून घ्यावी.

पण नाट्यगृह म्हणजे चित्रपटगृह नव्हे, आणि इथेच हौशी उपक्रम फसतात. पहिली चूक प्रोजेक्टरची. कार्यालयातला ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजण्याचं एकक) प्रोजेक्टर आणला जातो. वीस फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच पडद्याचं क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. चित्रपटगृहाच्या मापाने चौरस फुटाला १४ ल्युमेन प्रकाश लागतो, म्हणजे पडद्यावर ३१५० ल्युमेनच्या आसपास पोचायला हवा. पेटीवरचा आकडा सर्वांत भडक रंगाच्या सेटिंगचा असतो. रंग नैसर्गिक ठेवले आणि दिवा जुना असला की निम्माच उरतो. तेव्हा ६००० ल्युमेनच्या खाली जाऊ नये, नाहीतर रात्रीची दृश्यं म्हणजे नुसता करडा धूर. पडद्याची खालची कड बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर राहील इतकी उंच हवी. नाट्यगृहात रंगमंचाची उंची मदतीला येते, सपाट सभागृहात पुढच्यांची डोकी सबटायटल्स खातात.

दुसरी चूक आवाजाची, आणि ती जास्त घातक. चित्रपटाचा आवाज बहुधा सहा वाहिन्यांचा, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरसाठी सहा भागांत विभागलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. नाट्यगृहात डावा-उजवा असे दोनच स्पीकर जोडलेले असतात. प्लेअर सहा वाहिन्या बाहेर पाठवत असेल तर मधली वाहिनी कुठेच जात नाही : संगीत दणदणीत आणि माणसं मात्र पुटपुटतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स, म्हणजे सगळ्या वाहिन्या दोनांत मिसळण्याचा पर्याय, निवडला की हा दोष जातो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते आदल्या दिवशी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून तपासावं लागतं.

मराठी सबटायटल्स दिल्या तर गावातली आजीसुद्धा इराणी चित्रपट बघेल. पण फाइल यूटीएफ-८ या देवनागरी अक्षरं सांभाळणाऱ्या पद्धतीत जतन केलेली हवी, आणि अनेक प्लेअर जोडाक्षरं फोडतात. ‘प्रत्यक्ष’, ‘स्त्री’, ‘कृष्ण’ हे शब्द आधी पडद्यावर पाहावेत. तुटत असतील तर, हक्कधारकाची परवानगी असल्यास, अक्षरं चित्रावरच पक्की करून घ्यावीत. प्रोजेक्टर आणि प्लेअर दीड केव्हीएच्या यूपीएसवर ठेवावेत. जनरेटर सुरू व्हायला लागणाऱ्या दहा-पंधरा सेकंदांत चित्रपट बंद पडून पुन्हा सुरुवातीपासून शोधत बसावं लागतं. खारी हवा इथली कायमची. जोडण्यांवर गंज चढतो, भिंगावर बुरशी येते. उपकरण कपाटात वर्षभर कोंडून ठेवण्यापेक्षा महिन्याला तासभर चालवलं तर टिकतं.

परवानगीशिवाय काहीही दाखवू नये. डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचं सदस्यत्व असलं म्हणजे सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. तो निर्मात्याकडून वा वितरकाकडून लेखी घ्यावा. प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटांसाठी सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. याहून सोपी वाट म्हणजे नोंदणीकृत चित्रपट मंडळ काढून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी संलग्न होणं. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली स्थापन झालेली ही संस्था मंडळांना चित्रपट मिळवण्यात मदत करते, परदेशी सांस्कृतिक केंद्रंही चित्रपट देतात. अशा मंडळाचे खेळ सभासदांपुरते असतात, दारावर तिकीट विकायचं नाही. वर्गणी वर्षाची घ्यावी.

नगरपरिषदांना आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांना विनंती अशी : पुढच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पडद्यामागे मधला स्पीकर, प्रोजेक्टरसाठी मागच्या भिंतीजवळ पक्का मंच व वीजजोड, आणि खिडक्या-दारांना जाड काळे पडदे ही तीन कामं धरावीत. संपादक महाशय, आपल्यालाही एक विनंती. महोत्सवाच्या नऊ दिवसांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी आवृत्तीत दुसऱ्या दिवशीचे पणजी व पर्वरीचे खेळ, त्यांची लांबी आणि करमळी-थिवीहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा एका चौकटीत छापाव्यात.

आपला,
एक चित्रपटरसिक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग